नुसतं 'पळा, पळा' करून गुण मिळत नसतात

२०१४ ला प्रो कबड्डी आली आणि आमच्या बिलोलीकडच्या प्रेक्षकांना घाईच झाली. कॉलेजच्या पोरांनी झटपट चढायांचा नवा खेळ धरला की लगेच पन्नास गुण पाहिजेत. नाही झाले की शिव्या!

अहो, साधं गणित बघा. सामना ४० मिनिटांचा, चढाई फार तर ३० सेकंदांची, आणि चढाया आळीपाळीने. मधले थांबे सोडा. दोघांनीही पूर्ण वेळ घेतला तर ४०-४० चढाया. आपण २० सेकंदांत उरकलं तर आपल्याला ४८. पण समोरच्यालाही ४८च ना! म्हणजे वेग हा काही फुकटचा गुण नाही. पकड पक्की असेल तर फायदा. कच्ची असेल तर आपल्यावरच लोण लवकर चढतो.

२०२४ मध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचा अंतिम सामना जिंकला तो २८-२५ असा. टीव्हीवरच्या विजेत्यांना २८ पुरतात, आणि आमच्या पोरांना पन्नास?

ओरडायचंच असेल तर पकडीच्या सरावासाठी ओरडा राव. 'पळा, पळा' म्हणायला आपलं काय जातं? घाम पोरांचा जातो.