करार पंचवीस वर्षांचा, सरकार पाच वर्षांचे

आंध्र प्रदेशात मे २०१९ मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारची नजर लगेचच जुन्या राजवटीच्या वीजखरेदी करारांकडे वळली. जगनमोहन रेड्डी सरकारने १ जुलै रोजी आदेश काढून पवन व सौर वीज उत्पादकांशी दरांची फेरबोलणी करण्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमली. चंद्राबाबू नायडूंच्या काळात पवनऊर्जेसाठी युनिटमागे ४.८४ रुपये मान्य झाले. राजस्थानातील भादलाच्या लिलावात मात्र मे २०१७ मध्येच सौर वीज २.४४ रुपयांवर आली. मग राज्याने भुर्दंड का सोसावा, हा सवाल लोकप्रिय होता आणि सर्वस्वी गैरही नव्हता.

तथापि हा दर नायडूंनी खासगीत ठरवलेला नव्हता, तो वीज नियामक आयोगाचा होता. शिवाय पवनचक्कीचे अर्थकारण औष्णिक केंद्राहून वेगळे असते. कोळसा वाचवून तिला दर उतरवता येत नाही. सारा खर्च उभारणीतच होतो, तोही मुख्यतः कर्जातून, आणि मिळणाऱ्या दरातून हप्ते फिटतात. आधी महाग यंत्रे घेऊन उभ्या राहिलेल्या प्रकल्पाला आजच्या स्वस्त लिलावाचा दर लावणे म्हणजे त्याच्या बँकेलाच ओलीस धरणे होय. त्याहून गंभीर बाब अशी की, २.४४ रुपयांचा दर शक्य झाला तो स्वस्त भांडवलामुळेही, आणि भांडवल स्वस्त मिळते ते करार टिकेल या भरवशावर. जुना करार मोडणारे सरकार पुढची वीज स्वतःच महाग करून घेते.

दिल्ली अस्वस्थ झाली. तत्कालीन ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली, जपानच्या राजदूतांनीही चिंता कळवली. पण वीज हा समवर्ती सूचीतील विषय, आणि वितरण कंपन्यांची तिजोरी राज्यांच्या हाती. पत्रापलीकडे केंद्राला फारसे काही करता आले नाही. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आदेश रद्द केला खरा. मात्र तोवरचा अंतरिम दर पवनासाठी २.४३ आणि सौरसाठी २.४४ रुपये ठेवून प्रकरण आयोगाकडे सोपवले. करारातील दराने सहा आठवड्यांत थकबाकी द्या, असे खंडपीठाने सांगेपर्यंत १५ मार्च २०२२ उजाडला. अडीच वर्षे निम्म्या दराने वीज विकणाऱ्यांच्या कर्जावरील व्याज त्या काळात थांबलेले नव्हते.

महाराष्ट्राला यात दाभोळ आठवेल. युतीने १९९५ मध्ये एन्रॉनचा करार रद्द केला, पुढे फेरबोलणी करून तो स्वीकारला आणि २००१ मध्ये मंडळाने खरेदीच थांबवली. मात्र स्पर्धेविना झालेला, डॉलर आणि नाफ्त्याच्या भावाला बांधलेला तो करार आणि आयोगाने ठरवलेला पवनदर यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

याच जगन सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सौरऊर्जा महामंडळाकडून, म्हणजे ‘सेकी’कडून, ७ हजार मेगावॉट वीज २.४९ रुपयांनी घेण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. या व्यवहारातील कथित लाचेवरून अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. अदानी समूहाने आरोप फेटाळले. तोवर पुन्हा मुख्यमंत्री झालेले नायडू यावेळी करार मोडण्याच्या घाईत दिसले नाहीत. दंडाचा हिशेब सत्तेत बसल्यावर कळतो.

इतर राज्यांनी मात्र वेगळाच धडा घेतला: सहीच करायची नाही. उद्या दर आणखी उतरतील या आशेने वितरण कंपन्या थांबल्या आणि २०२५ मध्ये केंद्रीय संस्थांच्या लिलावांत बहाल झालेली ४० हजार मेगावॉटहून अधिक क्षमता खरेदी कराराविना पडून राहिली. याचा दोष एकट्या राज्यांचा नाही. २०३० पर्यंत ५ लाख मेगावॉटचे लक्ष्य गाठण्याच्या ओढीने दिल्लीने ग्राहक निश्चित होण्याआधीच लिलाव उरकले. राज्यांची लेखी मागणी हाती आल्याशिवाय निविदा न काढणे, एवढे तरी केंद्राच्या अखत्यारीत आहे. त्यासाठी कोणत्याही मुख्यमंत्र्याला पत्र लिहावे लागत नाही.