अकरा पराभव आणि सात वर्षं

खेळाच्या पानावरची बातमी आपल्या अंकात कशाला, असं वाटेल. पण ही गोष्ट खेळाची कमी, आपली जास्त आहे.

अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको गावी बेलर हे बाप्टिस्ट पंथाचं विद्यापीठ आहे. तिथला फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा खेळ. आर्ट ब्राइल्स या प्रशिक्षकाच्या काळात संघाने २०१३ आणि २०१४ साली गटाचं विजेतेपद मिळवलं, नदीकाठी नवं स्टेडियम उभं राहिलं. त्याच वर्षांत मुली खेळाडूंविरुद्ध बलात्काराच्या, मारहाणीच्या तक्रारी करत होत्या. २०११ पासून १७ स्त्रियांनी १९ खेळाडूंविरुद्ध तक्रारी केल्या, हे २०१६ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळानेच सांगितलं. चौकशीत काय निघालं? संघाची माणसं परस्पर 'चौकशी' करून तक्रारदार मुलीलाच खोटी ठरवत होती. शिवाय दारू आणि शरीरसंबंध यांवर बंदी घालणारे विद्यापीठाचे नियम. तोंड उघडलं तर आपल्यालाच शिक्षा होईल, ही मुलींना भीती!

ब्राइल्स गेले. मॅट रूल हे नवे प्रशिक्षक आले. २०१७ च्या त्यांच्या पहिल्या हंगामात १२ पैकी ११ सामने संघ हरला. २०१९ मध्ये मात्र ११ सामने जिंकले. 'संघ सावरला' म्हणून कौतुक झालं. २०२० च्या जानेवारीत रूल व्यावसायिक संघाकडे गेले. त्यांनी मेहनत केली, यात शंका नाही. पण सावरलं कोण?

१५ स्त्रियांचा दावा २०१६ मध्ये सुरू झालेला, तो मिटला २०२३ मध्ये. विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष २०१७ मध्येच आल्या होत्या, तरीही. म्हणजे संघाला दोन वर्षं पुरली, बायकांना सात लागली. आणि महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये काय म्हणावं? झालं ते निंद्य, पण या तक्रारी न कळवणं आमच्या नियमांचा भंग ठरत नाही!

हे परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही. एका महाविद्यालयाच्या तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य होते. तक्रार कबड्डी संघाच्या कप्तानाविरुद्ध होती. "मॅडम, एवढी स्पर्धा होऊन जाऊ द्या," असं मला अगदी नम्रपणे सांगण्यात आलं. स्पर्धा झाली, ढाल आली. तोवर मुलगी वसतिगृह सोडून गावी गेली होती. मी तेव्हा पुरेशी भांडले नाही, ही बोच आजही आहे.

विशाखा निर्णय १९९७ चा, कायदा २०१३ चा. कागद आपल्याकडेही आहेत. प्रश्न आहे तो, कुणाचं नुकसान आपण नुकसान म्हणून मोजतो हा. हरलेले सामने फलकावर दिसतात. शिक्षण सोडून गेलेली मुलगी कुठल्या फलकावर दिसते?

आपापल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन एवढंच विचारू या : समितीत कोण आहे, किती तक्रारी आल्या, आणि तक्रार करणारी मुलगी आज कुठे आहे?