तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवण्याआधी

मानेवर गाठ येते, महिना उलटला तरी उतरत नाही. छोटी शस्त्रक्रिया करून तुकडा काढतात, अख्खाच्या अख्खा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात आणि पॅथॉलॉजीकडे धाडतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. कल्चरची वाट तिथेच बंद होते. सीबीनॅट, ट्रूनॅट या जनुकीय चाचण्यांनाही तो नमुना चालत नाही. अर्धा तुकडा साध्या सलाईनमध्ये ठेवला असता, तर दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळण्याची शक्यता होती.

कोणते यंत्र सरस, यावर डॉक्टरमंडळी हिरिरीने बोलतात. तो वाद निरर्थक नाही. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत जंतू मुळात थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एका मिलिलिटरमध्ये किमान ५ ते १० हजार जंतू लागतात. सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजला शे-सव्वाशे पुरतात, तर २०१७ मध्ये आलेल्या ‘अल्ट्रा’ला जेमतेम सोळा. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात, मेंदूच्या आवरणाचा टीबी कल्चरने सिद्ध झालेल्या शंभर रुग्णांपैकी जुन्या चाचणीने सुमारे ७१ ओळखले, अल्ट्राने ८९. या आजारात काही दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो, म्हणून पाठीतल्या पाण्यासाठी अल्ट्राच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीची, बॅटरीवर चालणारी. छोट्या केंद्रांसाठी फारच सोयीची. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये तिची शिफारस केली ती फुप्फुसाच्या टीबीसाठी. थुंकीच्या नमुन्यावर तिचा जो भरवसा, तोच गाठीवर किंवा पाण्यावर डोळे झाकून धरू नये.

छातीत पाणी होते तेव्हा मात्र सगळीच यंत्रे तोकडी पडतात. कल्चरने सिद्ध झालेल्या रुग्णांतही जुनी चाचणी निम्म्यांना चुकवते, अल्ट्रा चारातल्या एकाला. तेव्हा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट पाहून टीबी नाही असे सांगणे चूक. आणि रिपोर्ट काहीही येवो, सरळ सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करणे, ही त्याहून रुळलेली सवयही चूकच. गाठ लिम्फोमाची निघाली तर? जंतू औषधाला दाद न देणारा असला तर? अल्ट्राने फक्त ‘ट्रेस’ म्हटले, तर रिफाम्पिसिनबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. पुन्हा नमुना घेणे आणि कल्चर लावणे आलेच. कल्चरला काही आठवडे लागतात, पण ते टाळून चालत नाही.

सरकारी कार्यक्रमात या चाचण्या मोफत आहेत, खासगी डॉक्टरही तिथे नमुना पाठवू शकतात. घरात कुणाची गाठ काढणार असतील तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच सर्जनना विचारा: “डॉक्टर, अर्धा तुकडा सलाईनमध्ये ठेवणार ना?”