अहवाल गावापुढे वाचा

डिसेंबर-जानेवारीत पेण-रोह्याच्या पट्ट्यात संध्याकाळी फिरलात तर कुठल्या ना कुठल्या हायस्कूलच्या पटांगणावर मांडव दिसतो. स्नेहसंमेलनांचे हे दिवस. कोळीनृत्य, शिवराज्याभिषेकाचा प्रवेश, बक्षीसवाटप, पाहुण्यांचे सत्कार, सारे ठरलेले. दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचे भाषण यांच्या मध्ये पत्रिकेवर एक ओळ असते, ‘अहवालवाचन’. मुख्याध्यापक चष्मा सावरून तीन-चार पाने वाचतात. दहावीचा निकाल इतके टक्के, शिष्यवृत्तीला इतकी मुले, कबड्डीत तालुक्यात पहिला क्रमांक, अमुक दात्याकडून पंखे. त्या वेळी नाचाच्या वेशातली पोरे पडद्यामागे धावत असतात, पालक आपल्या मुलाचा नंबर कधी लागणार ते विचारत असतात आणि व्यासपीठावरचे निम्मे मान्यवर मोबाइल पाहत असतात. टाळ्या पडतात, अहवाल फायलीत जातो. शाळेच्या कारभाराबद्दल वर्षभरात गावाला जे अधिकृतपणे सांगितले जाते, ते बहुतेक ठिकाणी एवढेच.

याच दिवसांत 14 जानेवारी येते. 1896 साली याच तारखेला महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. घराणे रोह्याचे, बालपणही या परिसरातले. 1912 साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे (म्हणजे आजच्या रायगडचे) खासदार, देशाचे अर्थमंत्री आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर 1956 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले, तेही रोहेकर अभिमानाने सांगतात. देशाचा पैसा आणि देशाचे शिक्षण या दोन्हींचा हिशेब पाहिलेला हा माणूस आपल्या भागाचा, म्हणून जयंतीला हार घालणे सोपे आहे. त्यांच्या गावच्या शाळांचा हिशेब कोण पाहतो, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारत नाही.

ज्या भागाने देशाला हिशेब पाहणारा माणूस दिला, त्याच भागाने हिशेब न पाहिल्याची किंमतही मोजली आहे. सप्टेंबर 2010 मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखात्यांची प्रकरणे पुढे आली. ही बँक काही एका रात्रीत बुडाली नव्हती. त्याआधी वर्षानुवर्षे वार्षिक सभा होत होत्या, अहवाल छापले जात होते, ताळेबंदावर सह्या होत होत्या. कागद सगळे जागेवर होते. ते उघडून प्रश्न विचारणारा सभासद जागेवर नव्हता. पेणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. मात्र तो धडा आपण पैशापुरता घेतला. शाळेत गाव ठेव ठेवते ती मुलांच्या वर्षांची, आणि ती बुडाली तर बातमीसुद्धा होत नाही.

ग्रामीण हायस्कूलचा कारभार नेमका कुणाच्या हाती असतो? आपल्याकडे प्राथमिक शाळा बहुधा जिल्हा परिषदेची आणि हायस्कूल बहुधा एखाद्या संस्थेचे, अनुदानित. पगार सरकारचा, इमारत संस्थेची, मुले गावाची. यातल्या पहिल्या दोघांना कायद्याने अधिकार दिले आहेत. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते. शाळेची दैनंदिन सूत्रे शालेय समितीकडे असतात. 1981 च्या नियमावलीनुसार तीत व्यवस्थापनाचे प्रतिनिधी असतात, सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने एक कायम शिक्षक असतो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. पालकाला त्या टेबलावर खुर्ची नाही.

शिक्षण हक्क कायद्याने 2010 पासून शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला अशी तिची रचना. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही समिती शाळेचा विकास आराखडा बनवते, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवते. परंतु 2012 च्या दुरुस्तीने खासगी अनुदानित शाळांत तिचे काम सल्ला देण्यापुरते उरले, आणि कायदाच मुळात आठवीपर्यंतचा. म्हणजे गावच्या मराठी शाळेत जी आई समितीची सदस्य म्हणून शिक्षकांना जाब विचारू शकत होती, तिची मुलगी हायस्कूलमध्ये गेली की तिच्या हाती फक्त सल्ला राहतो आणि नववीत गेली की तोही राहत नाही. मग उरतो पालक-शिक्षक संघ. त्याची सभा किती ठिकाणी कशी होते, ते पालकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे.

यात संस्थाचालकांना सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. एसटी पोहोचली नव्हती तेव्हा या संस्थांनी खेड्यांत हायस्कुले काढली. कुणी जमीन दिली, कुणी भात, कुणी श्रमदान. ती पिढी गावातच राहायची, तिला अहवाल देण्याची गरजच पडत नव्हती. पारावर चार माणसे विचारायचीच. आता कार्यकारिणीतले बरेच जण मुंबई-पनवेलला राहतात, सभासदांची यादी वर्षानुवर्षे वाढत नाही, आणि कुठे दोन गटांचा वाद धर्मादाय आयुक्तांकडे पोहोचला की मुख्याध्यापकाच्या नेमणुकीची सहीदेखील अडकते. पारावरचे विचारणे संपले, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

प्रगतीचे मोजमापही असेच एका आकड्यावर येऊन थांबले आहे. रायगड जिल्हा कोकणात असला तरी दहावीसाठी तो मुंबई विभागीय मंडळात मोडतो. कोकण मंडळात फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. त्यामुळे ‘यंदाही कोकण अव्वल’ या बातमीत पेण-रोह्याचा वाटा नसतो. तरी आपल्या शाळांच्या फलकांवर शंभर टक्के निकाल झळकतो आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र 2025 मध्ये राज्याचाच निकाल 94.10 टक्के होता. जवळजवळ सगळेच पास होतात तिथे पास होण्याच्या टक्केवारीतून शाळेची प्रत कळत नाही. शिवाय टक्केवारी काढताना भागाकार होतो तो परीक्षेला बसलेल्यांच्या संख्येने. पाचवीत किंवा आठवीत नाव घातलेली आणि दहावीपर्यंत न पोहोचलेली मुले त्या गणितात येतच नाहीत.

ती मुले कोण, हे सगळ्यांना माहीत आहे. पेण आणि रोह्याच्या डोंगराकडच्या वाड्यांतून येणारी कातकरी मुले. दिवाळी सरली की त्यांचे आईबाप वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी पट मोजला जातो 30 सप्टेंबरला. म्हणजे मुले वाडीवर असतानाच मोजणी होते, त्यावर शिक्षकांची पदे मंजूर होतात, आणि जानेवारीत वर्गात रिकामा बाक दिसतो. नोंद खोटी नसते, तरी ती खरे सांगत नाही. खोट्या नोंदींचा प्रकार तर वेगळाच. 2011 च्या राज्यव्यापी पटपडताळणीने तो उघड केला होता. आता आधार जोडणीमुळे कागदावरची मुले कमी झाली असतील. बाकावरून निघून गेलेल्या मुलाला परत आणायचे कसे, याला कुठल्याही पोर्टलवर रकाना नाही.

पट हा आता शाळेच्या जिवाचा प्रश्न झाला आहे. 2012 मध्ये शिक्षकभरती थांबली, नंतर ती पवित्र पोर्टलमधून रडतखडत सुरू झाली. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, निर्णयाने कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकपदच धोक्यात आणले आणि ग्रामीण शाळांत खळबळ उडाली. गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली की पालक मुलाला इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवतात, पट आणखी घटतो, आणखी एक पद जाते. हे चक्र चालू असताना गावाला त्याची खबर शाळा बंद पडायच्या वेळी लागते. पद रिक्त आहे हे गावाला पहिल्याच वर्षी आकड्यासकट कळले असते, तर ग्रामपंचायतीने, माजी विद्यार्थ्यांनी, रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांनी काही हालचाल केली असती.

आपल्याच मातीतला आणखी एक मुलगा इथे आठवतो. 11 सप्टेंबर 1895 ला पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनायक नरहरी भावे, म्हणजेच विनोबा, जन्मले. चिंतामणराव मॅट्रिकला पहिले आले आणि विनोबांनी 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेला जाता जाता आपली प्रमाणपत्रे जाळली. दोघांच्या जन्मात जेमतेम चार महिन्यांचे अंतर. एकाने परीक्षेतले यश टोकाला नेले, दुसऱ्याने परीक्षेचा कागदच नाकारला आणि आयुष्यभर हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. आपल्या शाळांनी पहिल्याची तसबीर भिंतीवर लावली; दुसऱ्याची लावली तरी त्याचे म्हणणे वर्गात आणले नाही. हमरापूर-जोहे भागातला मुलगा सुट्टीत गणपतीच्या कारखान्यात रंगकाम शिकतो, डोळ्यांच्या आखणीकडे नजर लावून बसतो. त्याच्या हातातले हे कसब शाळेच्या अहवालात कुठेच नसते. रोह्यातून दहावी झालेला मुलगा धाटावला कंत्राटी हेल्पर म्हणून लागला की आयटीआय करून यंत्रावर उभा राहिला, याचीही नोंद शाळेकडे नसते. दहावीनंतर दोन वर्षांनी मूल कुठे आहे, हे ज्या शाळेला सांगता येते, तिलाच आपल्या प्रगतीविषयी बोलता येईल.

म्हणून अहवाल बदलायला हवा आणि त्याचा श्रोताही. एक पान पुरेल. पाचवी किंवा आठवीत आलेल्यांपैकी किती दहावीपर्यंत पोहोचले. जानेवारीत प्रत्यक्ष हजेरी किती. मुली किती आणि एसटीच्या वेळा चुकल्यामुळे किती जणींचा शेवटचा तास बुडतो. मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणत्या विषयाची रिकामी. प्रयोगशाळा वर्षात किती वेळा उघडली. वेतनेतर अनुदान आणि देणग्या किती आल्या, कशावर खर्च झाल्या. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमधल्या कितीतरी शाळांची छपरे उडाली. ती पुन्हा कुणाच्या पैशातून उभी राहिली, हे गावाला सांगायला पाच वर्षे पुरेशी आहेत.

शिक्षक म्हणतील, आणखी एक कागद? त्यांचे म्हणणे रास्त आहे. यू-डायस आणि शालार्थ या पोर्टलांवरच्या नोंदी, मतदारयाद्यांचे काम यांतून त्यांना फळ्यापर्यंत पोहोचायलाच वेळ होतो. पण वरचे बहुतेक आकडे त्यांनी आधीच भरलेले असतात. ते अलिबागला जातात, पुण्याला जातात, मंत्रालयात जातात. गावात तेवढे येत नाहीत. नवा कागद भरायचा नाही, आहे त्यातलेच वाचून दाखवायचे आहे. दुसरी भीती अधिक खरी आहे. शाळेचा विषय ग्रामसभेत आला की गावचे राजकारण शाळेत शिरेल. ते आजही शिरलेले आहे, फक्त बंद खोलीत. उघड्यावर प्रश्न विचारणाऱ्याला निदान आपले नाव सांगावे लागते. निर्णयाचा अधिकार संस्थेकडेच राहू द्या. गावाला विचारण्याचा अधिकार द्या.

यासाठी कायद्यात दुरुस्ती होण्याची वाट पाहायला नको. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर गावोगाव ग्रामसभा होतात. पेण-रोह्यातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी आणि संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने यंदा त्या सभेत हे एक पान वाचावे, आणि ज्या वाड्यांतून मुले येतात तिथल्या पालकांना त्या दिवशी आवर्जून बोलवावे. सरपंचांनी विषयपत्रिकेत तेवढी एक ओळ वाढवावी. पहिल्या वर्षी प्रश्न कमी येतील, काही चुकीचे येतील, एखादा रागाचाही येईल. दुसऱ्या वर्षी पालक गेल्या वर्षीचा आकडा घेऊन येतील. शाळेची खरी वार्षिक तपासणी तिथून सुरू होईल.