भुयार कुठं जातं?

दरवर्षी संपादकांचा फोन येतो, "या वेळी कशावर लिहिताय?" आणि दरवर्षी मी म्हणते, "बघू, काहीतरी इकडचं, काहीतरी तिकडचं." या वेळचा विषय मात्र एप्रिलमध्येच ठरला होता. इतके महिने लिहायचं धाडस होत नव्हतं, एवढंच.

आपल्याकडं प्रत्येक जुन्या गावाला एक ग्रामदैवत असतं आणि एक भुयार असतं. भुयार नेहमी वाड्यातून निघतं आणि किल्ल्यात, नाहीतर डोंगरावरच्या देवळात उघडतं. त्यातून राजा घोड्यावर बसून जात असे. आता ते बुजलंय, पण अमक्याच्या आजोबांनी आत शंभर पावलं जाऊन पाहिलं होतं. पुढं कंदील विझला म्हणून ते परत आले. तुमच्या गावात कंदील विझला नसेल तर नाग आडवा आला असेल. पुण्यात आमच्या लहानपणी शनिवारवाड्यातून पर्वतीला भुयार जायचं, आणि त्याबद्दल शंका घेणाऱ्याला पेठेत कुणी खेळायला घेत नसे.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्यात तर त्या भुयाराची घरची शाखाच होती. मागच्या चौकात आड होता. आत वाकून पाहिलं तर तीन-चार हात खाली दगडी कमानीचं एक भोक दिसायचं. म्हणजे दिसायचं असं म्हणतात, कारण वाकायला सक्त मनाई होती. आडावर फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर पाटा ठेवलेला. आजी सांगायची, "ते भुयार आहे. पर्वतीला जातं. जो वाकून बघतो त्याला ते आत ओढून घेतं." दिवाळीत ती तुळशीपाशी एक, उंबऱ्यावर दोन आणि आडाच्या काठावर दोन पणत्या ठेवायची. आडावर दोन का, असं मी एकदा विचारलं होतं. "एक पाण्याची, एक भुयाराची," असं उत्तर मिळालं. मला ते पटलं. मुलांना असली उत्तरं पटतात.

तर या एप्रिलमध्ये माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, तीन महिन्यांसाठी पर्थला आले होते. वय चौऱ्याऐंशी, कान थोडे मंद, बाकी खणखणीत. शाळेच्या सुट्ट्या होत्या, म्हणून माझा धाकटा, ते आणि मी फ्रीमँटलचा जुना तुरुंग पाहायला गेलो. तिथं जमिनीखालच्या बोगद्यांची सफर असते. धाकट्याला ती करायची होती.

फ्रीमँटललाही भुयारांच्या कथांचा तोटा नाही. जुन्या हॉटेलांच्या तळघरांतून बंदरापर्यंत वाटा आहेत, त्यांतून चोरटी दारू यायची, तुरुंगातून समुद्रापर्यंत जाणारी पळवाट आहे, असं बरंच काही ऐकू येतं. मजा म्हणजे एक बोगदा तिथं खरोखर आहे आणि अगदी उघड्यावर आहे. राउंड हाउस ही १८३१ सालची, या वसाहतीतली सर्वात जुनी तुरुंगाची इमारत. तिच्या टेकडीखालून देवमासे पकडणाऱ्या कंपनीनं १८३७-३८ मध्ये समुद्रकाठ आणि गावाचा मुख्य रस्ता जोडायला बोगदा खणला. आज आपण त्यातून आइस्क्रीम खात चालत जातो. त्याच राउंड हाउसमध्ये रॉटनेस्ट बेटावर न्यायच्या आदिवासी कैद्यांना डांबून ठेवत. आइस्क्रीम खाताना ते सहसा आठवत नाही.

मोठ्या तुरुंगाखालचे बोगदे मात्र वेगळे. तो तुरुंग १८५० च्या दशकात कैद्यांकडूनच बांधून घेतला आणि १९९१ पर्यंत चालू होता. आता तो जागतिक वारसा यादीत आहे. खाली उतरायचं तर अंगात डगला, पायात गमबूट, डोक्याला दिवा आणि कमरेला पट्टा. सरळ उभ्या शिड्यांवरून वीस मीटर खाली. नानांना अर्थातच ते शक्य नव्हतं. त्यांना अंगणातल्या बाकावर थर्मासमधला चहा आणि जपमाळ देऊन बसवलं आणि आम्ही मायलेक उतरलो.

खाली चुनखडीत खोदलेली सुमारे एक किलोमीटरची वाट आहे. थोडं चालायचं, मग पाणी लागतं, मग लहानशा होडीतून जायचं. डोक्यावरचे दिवे सोडले तर मिट्ट अंधार. आमच्या गटातल्या एका बाईंनी वाटाड्याला विचारलंच, "हे बंदराला कुठं निघतं?" तो हसला. म्हणाला, "निघतच नाही. हे पळून जायला नाही खणलेलं, पाण्यासाठी खणलेलं आहे."

हकिकत अशी. फ्रीमँटलला गोड्या पाण्याची टंचाई. तुरुंगाच्या आवारात विहिरी होत्या, पण त्या पुरत नव्हत्या. तेव्हा १८८८ ते १८९४ या काळात कैद्यांना खाली उतरवून विहिरींना जोडणारे बोगदे खणायला लावले, म्हणजे खडकातून झिरपणारं पाणी जास्त गोळा होईल. वाफेच्या पंपानं ते वर ओढायचं. हे पाणी तुरुंगाला आणि गावालाही जाई. १९१० मध्ये गावाला दुसरीकडून पाणी मिळू लागलं आणि बोगदे बंद झाले. मग वरच्या लोकांनी आपापल्या परीनं ते समुद्रापर्यंत वाढवले.

भिंतीवर कुदळीचे घाव अजून दिसतात. मी हात लावून पाहिला. एकेक घाव वेगळा लागतो. घालणाऱ्याचं नाव मात्र तिथं कुठं नाही.

होडीत बसल्यावर मला आपलं कात्रज आठवलं. पुण्यातल्या वाचकांना हे ठाऊक असेल, मुलांसाठी सांगते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधला. आठ-दहा किलोमीटरची वाट, नुसत्या उतारानं वाहणारं पाणी, ना पंप ना मोट. नळ म्हणजे पाइप नव्हे. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल एवढी ती वाट. मधेमधे हवा जायला उच्छ्वास बांधलेले. त्या पाण्यानं शनिवारवाड्यातली कारंजी उडायची, आणि काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, सदाशिव पेठेतला हौद असे पेठोपेठीचे हौद भरायचे. पावसाळ्यानंतर कुठं रस्ता खचला, कुठं पाया खणताना कमान लागली, की लोक म्हणायचे, "बघा, भुयार!" ते काही अगदी चुकीचं नव्हतं. माणूस जाईल एवढी वाट होती, शनिवारवाड्यापर्यंत जात होती. फक्त तिच्यातून पेशवे नाही, पाणी जात होतं. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात बोगदा सापडला, तेव्हाही आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस पेशव्यांची गुप्त वाट धावत होती. तो जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग आहे असं जाणकारांनी सांगितलं, आणि गट पुन्हा शुभ सकाळीवर आला.

सिडनीकरांनी हसू नये. तुमच्या हाइड पार्कखालीही तेच आहे. टँक स्ट्रीम हा ओढा गटार झाला, तेव्हा जॉन बस्बी यांनी १८२७ ते १८३७ अशी दहा वर्षं कैद्यांकडून साडेतीन किलोमीटरहून लांब बोगदा खणून घेतला आणि आजच्या सेंटेनियल पार्कमधल्या दलदलीचं पाणी शहरात आणलं. साहेब कैद्यांच्या भीतीनं स्वतः आत उतरतच नसत असं सांगतात.

क्वचित दंतकथा थोडी खरीही निघते. मुंबईच्या राजभवनाखाली भुयार असल्याचं लोक सांगायचे. २०१६ मध्ये तिथली एक बंद भिंत फोडली, तर आत इंग्रजांच्या काळातलं तेरा खोल्यांचं तळघर निघालं. पण बहुतेक ठिकाणी खणलं की पाणीच लागतं. आणि पाणी गावात आलं म्हणजे सगळ्यांना मिळालं असंही नाही. त्याच पुण्यात १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा केवढा गहजब झाला. आम्हाला लहानपणी पेशव्यांच्या घोड्याची गोष्ट दहा जणांनी सांगितली. त्या हौदाची कुणी सांगितली नाही.

आम्ही वर आलो. धाकटा धावतच आजोबांकडं गेला. "आजोबा, कुणीच पळालं नाही. नुसतं पाणी आहे खाली!"

नाना म्हणाले, "आपल्याकडंही पाणीच होतं रे."

मला वाटलं, कात्रजबद्दल बोलताहेत. मग आम्ही बंदरावर गेलो, चिप्स घेतल्या, पाण्याकडं तोंड करून बसलो. धाकटा सीगल हाकलत होता. नाना एकदम म्हणाले, "तुला एक आत्या होती, ठाऊक आहे का?"

मला चौपन्न वर्षं पूर्ण झाली आहेत. मला ठाऊक नव्हतं.

"माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी सात वर्षांचा होतो. आईनं सांगितलं होतं, हिच्याकडं बघ. मी आडात वाकून खडे टाकत होतो. आत ते कमानीचं भोक आहे ना, त्यातून पाणी यायचं, कात्रजच्या नळाचं. त्या भोकात खडा जातो का ते बघत होतो. तीही वाकली."

पुढं ते काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "त्याआधी आमच्या वाड्यात भुयार नव्हतं. आड होता नुसता. तेराव्यानंतर आईनं फळ्या टाकून घेतल्या आणि कुणा पोरानं विचारलं की सांगायला लागली, भुयार आहे, ओढून घेतं. मला कधी एक शब्द बोलली नाही. मरेपर्यंत नाही. तुम्हा मुलांना ती भुयाराची गोष्ट सांगायला लागली की मी उठून बाहेर जायचो."

हे मला आठवत होतं. नानांना गोष्टींचा कंटाळा आहे, असं आम्ही सगळे समजायचो.

वाडा १९९० च्या दशकात पाडला. आड बुजवला. कामगारांना कमान सापडली, तिच्यामागं दगडी नाळ, तीत चिखल. सोनं निघालं नाही म्हणून पेठेतले बघे निराश होऊन गेले. नाना त्या दिवशी तिथं उभे होते, एवढं आईनं मला फोनवर सांगितलं होतं. ते का उभे होते हे आईलाही माहीत नसावं.

हे छापायचं की नाही यावर मी महिनाभर घोळ घातला. शेवटी पुण्याला फोन करून नानांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. आता कुणाला भीती घालायची राहिली आहे? पण तिचं नाव नको छापू. ते घरात राहू दे." म्हणून इथं नाव नाही. आमच्या घरी आता ते सगळ्यांना ठाऊक आहे. धाकट्यानं शाळेसाठी केलेल्या वंशावळीत नानांच्या शेजारी एक नवी रेघ ओढली आहे.

मंडळी, तुमच्याही गावाला भुयार असेलच. या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा आई-वडिलांना, काका-आत्यांना ते कुठं जातं असं विचारू नका, ते सगळे पर्वतीलाच पाठवतील. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली आणि कधीपासून, एवढं विचारून बघा. आणि विचारल्यावर फोन लगेच ठेवू नका.

आमच्याकडं आड नाही. मागच्या अंगणात बागेचा नळ आहे. यंदा तिथं दोन पणत्या लावणार आहे. संध्याकाळी समुद्रावरून फ्रीमँटल डॉक्टर सुटला की एकही टिकत नाही, हा दरवर्षीचा अनुभव. धाकट्यानं त्यावर जॅमच्या बाटल्या सुचवल्या आहेत, आणि एक बाटली आतापासूनच धुऊन ठेवली आहे. दुसरी बाटली संपायची आहे.

शुभ दीपावली.