शिकाऊ डॉक्टरांचा हात

पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली, की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फादर, मोठे डॉक्टर स्वतः करतील ना? की शिकाऊ पोरांच्या हाती देतील?" या धास्तीने काही घरे मेडिकल कॉलेजचे इस्पितळ टाळतात आणि जमीन गहाण टाकून खाजगीत जातात. आमच्या मते हा प्रश्न अर्धाच आहे.

भीती अगदीच खोटी नाही. १९९१ साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील शस्त्रवैद्यांनी अशा १,५१८ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. प्रत्येक गटाच्या पहिल्या १३ रोग्यांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण शेकडा २.२ होते, पुढच्या रोग्यांत ते शेकडा ०.१ वर आले. पण हे विद्यार्थी नव्हते. मुरलेले शस्त्रवैद्यच नवी पद्धत शिकत होते, आणि पद्धतच नवी म्हटल्यावर शेजारी उभा राहायला जाणता माणूस आणायचा कोठून?

पुढे अमेरिकेतल्या इस्पितळांच्या मोठ्या नोंदी तपासल्या गेल्या. शिकाऊ डॉक्टर सहभागी असला की शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो. वरवरच्या जखमेत पू धरण्यासारखा किरकोळ त्रास काही पाहण्यांत थोडा अधिक आढळला. मृत्यूचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले नाही. याचे एक कारण दुर्बीणच आहे. पोटातले चित्र पडद्यावर येते; शिकणारा जे पाहतो तेच शिकवणाराही पाहतो. पोरगा पहिल्यांदा नांगर धरतो तेव्हा बाप बांधावर बसून राहत नाही, रुमण्यावर त्याचाही हात असतो. तसेच हे. आपल्या देशातही १९९० साली डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी पित्ताशयाची अशी पहिली शस्त्रक्रिया केली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे शिकवणाऱ्या इस्पितळातच.

तेव्हा सही करण्यापूर्वी विचारावे : वरिष्ठ डॉक्टर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टेबलाशी हजर असतील काय? अडचण आली तर पोट उघडून करणार काय? असे विचारणे उद्धटपणा नव्हे. आणि खरोखर पोट उघडावे लागले, तर 'पोरांनी बिघडवले' म्हणून इस्पितळात गोंधळ घालू नये. पुष्कळदा तोच शहाणपणाचा निर्णय असतो.

घरी आल्यावर पोटदुखी वाढली, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर मळणी तोंडावर असली तरी त्याच दिवशी रोग्याला परत न्यावे.