सही कुणाची?

मागल्या हिवाळ्यात एका कॉलेजचे प्राध्यापक वीसेक पोरं घेऊन गोदीत आले. ‘उपयोजित शिक्षण’ म्हणे. सर नुकतेच त्याचं प्रशिक्षण घेऊन आलेले. तोंडात शब्द कोरे करकरीत. वर क्रेनला माल लटकलेला, आणि बरोबर त्याच्याखाली एक पोरगा वही उघडून उभा. मी त्याला दंडाला धरून बाजूला ओढला. सर माझ्यावरच खेकसले, “मध्ये येऊ नकोस, फोटो चाललाय.”

लटकत्या मालाखाली उभं राहायचं नाही, हा आमचा पहिला धडा. सरांना तो कुणी शिकवलाच नव्हता.

दोस्तांनो, प्राध्यापक घडवायचा हा कारखाना जुना आहे. १९८६च्या शिक्षण धोरणानंतर यूजीसीनं अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. २०२३ साली मालवीय मिशन आलं, १११ केंद्रं. पदोन्नतीला कोर्स लागतो, म्हणून कोर्स होतो. तिथं शिकवतो कोण? दुसरा प्राध्यापकच. हाताचं ज्ञान तोंडानं तोंडाला!

२०२२ साली यूजीसीनं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ काढला. पदवीची सक्ती नाही. वाचून मी हरखलो. पुढं वाचलं : १५ वर्षांचा अनुभव, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. म्हणजे साहेबाचा तो अनुभव, आणि हमालाचा नुसता घाम!

जोतीरावांनी १८८२ सालीच हंटर कमिशनला सांगितलं होतं : शाळामास्तर कष्टकरी शेतकऱ्यांतून घ्या, वेळ पडली तर नांगर नि सुताराचा वाकस धरणारे. ते बोलले प्राथमिक शाळांबद्दल. विद्यापीठं अजून त्या प्राथमिक धड्यालाही पोचलेली नाहीत.

आणि एक बजावून ठेवतो. उपयोजित शिक्षण म्हणजे आमच्या पोरांना फिरून बापाच्या धंद्यात ढकलणं नव्हे. पाटी आम्ही पिढ्यानपिढ्या वाहिली. आता ज्यांनी कधी वाहिली नाही, त्यांनी शिकायचंय. आपल्यातनं प्राध्यापक झालेल्यांनीही बापाचा घाम लपवू नये. स्टाफरूममध्ये हे पहिलं त्यांनी बोलावं.

मागणी साधी आहे. प्रशिक्षणाचे निम्मे दिवस गोदीत, गटारलाईनवर, बांधकामावर काढा. शिकवेल तो कामगार. त्याला मानधन प्राध्यापकाइतकंच, खाडा न धरता. आणि सर्टिफिकेटवर सहीही त्याचीच.

मॅट्रिक आहे मी. सही येते.